पिठ्याचे काळे कपडे

ह्यांचे कपडे काळे यायला लागले, तेव्हाच मला कळलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

हे म्हणजे माझा नवरा. कोळशाच्या खाणीतल्या माणसाचे कपडे काळे नाही येणार तर काय, असं तुम्ही म्हणाल. खरंय. आमच्या गल्लीत दर दोरीवर काळपट शर्ट वाळत असतात, कितीही घासा. फक्त आमच्या दोरीवर ह्यांचे कपडे पांढरे. कारण बाकीचे खाणीतून कोळसा वर आणतात आणि माझा नवरा वरून पीठ खाली नेतो. दगडाचं पीठ. चुनखडी दळून केलेली भुकटी, पोतीच्या पोती. खालच्या बोगद्यांच्या भिंतींवर, जमिनीवर, छताला ती मारायची, हे ह्यांचं काम. संध्याकाळी घरी येतात ते गिरणीवाल्यासारखे, पापण्यांसकट पांढरे. म्हणून सगळे ह्यांना पिठ्या म्हणतात. शेजारचे विचारतात, “काय पिठ्या, आज कुणाचं दळण होतं?” दुसरा कुणी असता तर उलट चार शब्द सुनावले असते. हे हसतात आणि वर त्याच शेजाऱ्याची गळकी तोटी दुरुस्त करून देतात.

आमचा हा माणूस अतिशय भिडस्त. नाही हा शब्द ह्यांच्या तोंडात नाहीच. एकदा न्हाव्याने चुकून अर्धी मिशी उडवली, तर ह्यांनी उरलेली अर्धीसुद्धा स्वतःच काढायला सांगितली, त्याला वाईट वाटू नये म्हणून. भीड भिकेची बहीण, असं मी ह्यांना लग्न झाल्यापासून ऐकवते आहे. हे त्यालाही हो म्हणतात.

तर तो शर्ट. मी बादलीत बुडवला आणि पाणी काळंभोर झालं. मला वाटलं, धाकट्याचा शर्ट चुकून आला. धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो आणि आई आमच्या शेजारच्याच खोलीत राहतात आणि दोन्ही घरांचं धुणं माझ्याच गळ्यात आहे. धाकटा त्याच खाणीत, पार आतल्या गॅलरीत, म्हणजे कोळसा कापतात त्या बोगद्यात, कापणाऱ्या मशीनवर. त्याचे कपडे काळे येतात ते ठीक. पण हा शर्ट ह्यांचा होता. खांद्याला मीच घातलेला टाका होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी ह्यांच्या विजारीची दुमड उलटी करून पाहिली, तर आतून पीठ नाही, कोळशाची पूड पडली.

“अहो, तुमचं काम बदललं का?” मी विचारलं.

“नाही गं.”

“मग कपडे काळे कसे?”

“खाणीत काय, कधी काळे, कधी पांढरे,” असं म्हणून हे ताटाकडे बघत राहिले. खोटं बोलायला लागले की ह्यांचे कान लाल होतात. तेव्हा कानांच्या पाळ्या टोमॅटोसारख्या झाल्या होत्या.

आता ते पीठ कशासाठी असतं हे मला नवीन नव्हतं. लग्न झाल्यावर बाकीच्यांचे नवरे पहिल्या आठवड्यात काय बोलतात देव जाणे, माझ्या नवऱ्याने मला कोळशाच्या धुळीबद्दल सांगितलं होतं. तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. पण सांगितलं ते डोक्यात पक्कं बसलं.

“गॅस म्हणजे काडी,” हे म्हणाले होते. “काडीने घर जळत नाही. घर जळतं घरातल्या सामानाने.”

कोळशातून गॅस सुटतो, तो छताशी, कोपऱ्यात साठतो. पंख्याची हवा तिथवर पोचली नाही आणि कुठून एक ठिणगी पडली, की भडका. तो भडका तसा थोडक्यात आटोपतो. पण त्याचा जो झोत सुटतो, तो जमिनीवर बसलेली, भिंतींना चिकटलेली सगळी धूळ उडवतो. हवेत उडालेली कोळशाची धूळ पेटते. ती पेटली की तिचा झोत पुढची धूळ उडवतो, ती पेटते, असं करत आग पार खाणीच्या तोंडापर्यंत धावते. माणूस किती धावणार तिच्यापुढे. म्हणून काळ्या धुळीवर पांढरं पीठ मारून ठेवायचं. झोत आला तर दोन्ही एकदम उडतं, पीठ आगीची धग खाऊन टाकतं आणि आग जागीच मरते. फक्त काम रोजचं. काल मारलेल्या पिठावर आज तव्यावरच्या काजळीएवढा काळा थर बसला, तरी तो वरचा थरच आधी उडणार.

“म्हणजे तुम्ही काही झालंच तर उपयोगी पडणार,” मी तेव्हा म्हटलं होतं.

“आणि काही झालं नाही, तर मी दिवसभर काय करतो असं सगळे विचारणार,” हे म्हणाले होते.

तर आता माझ्यापुढे ताटात मान घालून बसलेला हा तोच माणूस. मी ताटाजवळून पाण्याचा तांब्या उचलला आणि म्हटलं, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मग हळूहळू बाहेर आलं.

हवा वाहते त्याच दिशेने पीठ उडतं आणि उडून जातं ते आत, जिथे माणसं काम करतात तिथे. डोळे चुरचुरतात, घशात बसतं. धाकट्याला आधीच खोकल्याची खोड. त्याच्या टोळीतल्यांनी ह्यांना विनवलं, पिठ्या, जरा कमी मार. ह्यांनी कमी केलं. मग म्हणाले, आमची पाळी चालू असताना नको. त्यालाही हो. आणि पाळ्या तर एकामागून एक चालूच असतात. शेवटी गॅलरीच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल तेवढं पांढरं करायचं आणि आत सगळं काळं, असं होऊन बसलं. तपासायला येणारे तोंडाशी बघून परत जात. मुकादमाला तेच हवं होतं, कारण पीठ मारायचं म्हणजे कोळसा नेणारा पट्टा थांबवावा लागतो. उरलेल्या वेळात मोकळं कसं बसायचं म्हणून हे आत जाऊन फावड्याने पट्ट्याखालचा कोळसा ओढू लागले. म्हणून कपडे काळे.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. आणि त्या शेतात माझा भाऊ.

“सगळ्यांना हो म्हणालात ते सोडा,” मी म्हटलं. “पण धाकटा तिथे आहे हे माहीत असून?”

“त्याच्यासाठीच तर,” हे म्हणाले. “आईंनी माझ्यापुढे हात जोडले गं. म्हणाल्या, जावईबापू, माझ्या पोराची छाती फुटेल खोकून. त्यांनी हात जोडल्यावर मी काय करणार होतो?”

मला इतका राग आला की बोलता येईना, आणि माझ्या बाबतीत असं फार क्वचित होतं. रागात भीतीच जास्त होती. मी ताट तसंच टाकलं आणि शेजारच्या खोलीत गेले.

आई धाकट्याच्या पाठीला तेल चोळत होती. खोकला खरा होता, त्यात काही नाटक नव्हतं. भिंतीपलीकडून मला तो रोज ऐकू येतो आणि प्रत्येक उबळीला माझाही श्वास अडकतो. लहानपणी मीच त्याला कडेवर घेऊन फिरवलंय.

“तू ह्यांना पीठ मारू नका म्हणालीस?” मी आईला विचारलं.

“म्हणाले,” आई म्हणाली. “तुला भाऊ जड झालाय का?”

“ताई, तू एकदा खाली ये,” धाकटा म्हणाला. “ती भुकटी डोळ्यांत जाऊ दे, मग शिकव. आणि गॅसचं म्हणशील, तर गॅस वाढला की ओरडणारं यंत्र टांगलेलं आहे. ओरडलं की आम्ही बाहेर.”

“यंत्र आहे तिथला गॅस सांगेल. कोपऱ्यातला कोण सांगेल?”

“भावोजींनी पढवून पाठवलं वाटतं.”

आता माझ्यात आणि माझ्या नवऱ्यात एवढाच फरक, की त्यांना नाही म्हणता येत नाही आणि मला गप्प बसता येत नाही. मी धुण्याच्या पिशवीतून धाकट्याचीच विजार काढली आणि खिसे झटकून ती काळी पूड एका बशीत घेतली. पेटती काडी तिच्यात खुपसली. काडी विझली.

“बघ,” धाकटा म्हणाला. “काही होतं का?”

मग मी चहाची गाळणी घेतली, शेगडी पेटवली, पूड गाळणीत टाकली आणि जाळावर उंचावरून झटकली. भप्पकन जाळ उठला तो गाळणीपर्यंत. माझ्या कपाळावरचे केस जळल्याचा वास सुटला. आई मागे सरकली ती भिंतीला टेकली. पिशवीच्या तळाशी ह्यांच्या कपड्यांचं जुनं पांढरं पीठ साठलेलं होतं. ते मुठीने घेऊन उरलेल्या काळ्यात कालवलं आणि पुन्हा झटकलं. जाळ नुसता दबला, पिवळा झाला, आणि पूड शेगडीवर मुकाट पडली.

“हे तुझ्या खिशातलं आहे,” मी म्हटलं. “एका खिशातलं.”

धाकट्याने बशी बाजूला सारली. म्हणाला, “ताई, खाण म्हणजे तुझा ओटा नाही. आणि खोकला मला येतो, तुला येत नाही.” तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. आईने शेगडी पुसायला घेतली. मी हरले असं समजून वळले, तर दारात हे उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

सकाळी चहाला आई आणि धाकटा नेहमीसारखे आमच्याकडे आले. ह्यांनी कप हातात घेतला आणि बसायच्या ऐवजी उभेच राहिले.

“आई, मी आजपासून पीठ मारणार आहे,” हे म्हणाले. “पार आतपर्यंत.”

आईने मान वर केली.

“तुम्हाला वाईट वाटेल, मला माहीत आहे. मलाही वाटतंय. तुमच्या शब्दाबाहेर मी आजवर गेलो नाही. पण मारणार.” कप बशीवर इतका खडखडत होता की चहा सांडला. मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल इतकं वाटलं की काय सांगू. पण सगळ्यांसमोर काय करणार, मी आपली साखरेचा डबा पुसत बसले.

नुसतं एवढ्यावर भागणार नव्हतं. मुकादमाला सांगायला हवं होतं आणि वाटेत ह्यांचं अवसान गळेल याची मला खात्री होती, म्हणून मी खाणीच्या फाटकापर्यंत बरोबर गेले. मुकादम तिथेच उभा होता.

“साहेब, चुकत असेन तर सांगा,” ह्यांनी सुरुवात केली. “पीठ मारताना पट्टा थांबवा. माणसांना तेवढ्या वेळात हवा आत येते त्या बाजूला, तोंडाशी आणून बसवा. पीठ बसलं की आत सोडा. म्हणजे कुणाच्या छातीत जाणार नाही. आणि नाकाला बांधायच्या पट्ट्या गोदामात पडून आहेत, त्या वाटा.”

“पट्टा थांबवायचा? तुझ्यासाठी?”

“माझ्यासाठी मी कधी काही मागितलंय का, साहेब?”

मुकादम बोलायला गेला आणि थांबला. कारण खरंच, त्याला आठवत नव्हतं. त्याने मान खाजवली, माझ्याकडे बघितलं, आणि मी काही हलत नाही असं दिसल्यावर म्हणाला, “बघू. पण उरकायचं लवकर.”

उरकायचं लवकर, ह्यालाही हे हो म्हणाले. पण काम लवकर उरकलं नाही. पट्टा थांबायचा, माणसं तोंडाशी येऊन बसायची, आणि हे आत एकटे पीठ मारत राहायचे. टोळीतले वैतागले. मुकादमाचा चमचा म्हणू लागले. गळक्या तोट्या घेऊन कुणी आमच्याकडे येईना, आणि लग्नानंतर पहिल्यांदा आमची सुट्टी सुट्टीसारखी गेली. धाकट्याने नाकाची पट्टी खुंटीला टांगून ठेवली, लावली नाही, आणि जेवण आपल्या खोलीत न्यायला लागला. आईने तर जावयाशी अबोलाच धरला. हे समोर बसलेले असताना मला म्हणायची, “विचार तुझ्या नवऱ्याला, चहा घेणार का.” आणि हे मला म्हणायचे, “सांग आईंना, घेतो म्हणावं.” मी मधे बसून दोघांचा निरोप्या झाले होते. हसू यायचं, पण ते तोंडापर्यंत पोचायचं नाही. ह्यांचं जेवण कमी झालं होतं. लोक रागावलेत ही गोष्ट ह्यांना अंगावर पुरळ उठावी तशी खुपते. आपलं चुकतंय का, असं हे मला रोज विचारायचे. मी रोज बादलीतलं पांढरं पाणी दाखवायचे.

असे बरेच दिवस गेले. धाकट्याचा खोकला तसाच होता, ना कमी ना जास्त. काही झालं नाही. आणि मला आतून वाटायला लागलं होतं, की काहीच झालं नाही तर हा माणूस जन्मभर वाईट ठरणार.

मग एका दुपारी मी शर्ट दोरीवर टाकत असताना भोंगा झाला. पाळी सुटायची वेळ नव्हती. गल्लीतली सगळी दारं एकदम उघडली. आई चप्पल न घालताच निघाली.

फाटकाशी बायका उभ्या होत्या. कुणी रडत नव्हतं, सगळ्या माणसांना खालून वर आणणाऱ्या पिंजऱ्याकडे बघत होत्या. आई माझ्या दंडाला धरून होती. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, “आज मारलं असेल ना गं पीठ?”

“मारलंय,” मी म्हटलं. सकाळी हे बोलले होते तसं.

पिंजरा वर आला. त्यातून टोळीतलाच एक जण उतरला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. मी त्याला अडवलं.

“मशीनचे दात छताच्या दगडाला लागले,” तो म्हणाला. “ठिणगी उडाली आणि वरच्या कोपऱ्यात भडका झाला. यंत्र ओरडलंच नाही. जाळ आमच्या अंगावर आला.”

“मग?”

“मग विझला.” त्यालाच ते खरं वाटत नव्हतं. “थोडा पुढे आला आणि विझला. नुसतं पांढरं पांढरं झालं, स्वतःचा हात दिसेना. आम्ही भिंत धरून बाहेर आलो.”

“माझा मुलगा?” आई म्हणाली.

त्याने खाली बघितलं. “तो मशीनपाशी होता, सगळ्यात आत. आम्ही बाहेर येत होतो आणि पिठ्या आत निघाला. मी म्हटलं, काही दिसत नाही, कुठे शोधणार. तर म्हणाला, थांब, ऐक. आतून खोकल्याचा आवाज येत होता. त्या आवाजावर गेला.”

“खोकत होता?” आई म्हणाली. “म्हणजे श्वास चालू होता.” आणि तिने माझा दंड इतका आवळला की बोटं उमटली.

पिंजरा परत खाली गेला. किती वेळ गेला मला माहीत नाही, मला खरंच माहीत नाही. मी देवाला एकच सांगत होते, दोघांपैकी एक निवडायला मला लावू नकोस.

पिंजरा वर आला तेव्हा त्यात दोघं होते. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. दोघेही पांढरे, केस पांढरे, तोंड पांढरं, ओठसुद्धा. कोण कोणता ते मलाही पटकन कळेना. आई धावली. या वयात ती अशी धावू शकते हे मला माहीत नव्हतं. जो पुढे होता त्याला तिने गच्च मिठी मारली, त्याच्या छातीवर डोकं घासत रडायला लागली. “सोन्या, माझ्या राजा, आलास रे, आलास.”

आणि मी जवळ गेले तेव्हा बघितलं, की त्या पांढऱ्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना कान लालभडक झाले होते. माझा नवरा होता तो. हात अंगाला चिकटवून, लाकडासारखा ताठ उभा. आई चुकीच्या माणसाला धरून रडते आहे हे त्याला कळत होतं, पण तसं सांगून तिला वाईट वाटलं तर, म्हणून तो भिडस्त माणूस गप्प उभा होता.

मागे धाकटा पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभा होता. भुवया जळालेल्या, एक कान भाजलेला, पण स्वतःच्या पायांवर. मी त्याला धरलं तेव्हा तो खोकत खोकत हसायला लागला.

“आई,” तो म्हणाला, “मी इकडे आहे. ते भावोजी आहेत.”

आईने डोकं वर केलं नाही. तिची मिठी जराही सैल झाली नाही.

“माहितीये मला,” ती म्हणाली. “तू थांब जरा.”